मालगाडीची सलामी

निवृत्त झाल्यापासून तिच्या अहोंचा एकच उद्योग. दुपारी खुर्ची उचलायची, घरामागच्या रुळांजवळ मांडायची आणि नदीवरच्या बंदराकडे कोळसा घेऊन जाणारी मालगाडी बघायची. गाडी वळणावर आली की ड्रायव्हर लांबलचक शिटी मारायचा, आणि हे उभे राहून कडक सलाम ठोकायचे.

"अख्ख्या गावात ड्रायव्हर सलामी देतो कुणाला? फक्त मला!" हे रोज ऐकून तिचे कान किटले होते.

"हो, बंदराचे मालकच की तुम्ही!" ती म्हणायची.

मग अहोंची कंबर धरली. ते अंथरुणाला खिळले आणि नेमकी शिटीही बंद झाली.

"बघ! मी नाही तर सलामी नाही."

एका दुपारी मालगाडी सिग्नलला थांबली आणि ड्रायव्हर थेट मागच्या दाराशी आला.

"काकू, ते खुर्चीवाले काका बरे आहेत ना? रुळांना अगदी खेटून बसायचे हो! बाजूला व्हा म्हणून मी शिटी मारून मारून थकलो, तर ते सलाम ठोकायचे. आता दिसेनासे झाले, तर जिवाला घोर लागला."

तिला हसू आवरेना. अहोंची पुरती जिरवायची संधी आयती दारात चालून आली होती. ती आत गेली.

"कोण होतं गं?"



"तुमचा ड्रायव्हर. तुमच्यावाचून शिटी मारायला हुरूप येत नाही म्हणाला. फक्त खुर्ची जरा मागे घ्या म्हणे, इतक्या जवळून त्याला तुमचा सलाम नीट दिसत नाही."