उजवा हात

तपासणीला साहेब येणार, म्हणून चौथीच्या मॅडमनी सकाळीच वर्गाला पढवून ठेवलं. "प्रश्न विचारला की एकूण एक हात वर दिसला पाहिजे. ज्यांना येतं त्यांनी उजवा करायचा, येत नाही त्यांनी डावा. मी उजव्यांनाच विचारणार." मग भिंतीकडच्या बाकावर एकट्याच बसलेल्या सुकेशनीकडं बघून म्हणाल्या, "तू डावा गं."

सिल्लोडहून या शाळेत येऊन तिला सात महिने झाले होते. तेवढ्या काळात मॅडमनी तिला कधी पाच पंचे किती हेसुद्धा विचारलं नव्हतं. घरी मात्र भाकरी थापता थापता आईनं तिच्याकडून तिसापर्यंतचे पाढे घोटून घेतले होते. "येकदा इचारू तर दे त्यान्ला," आई म्हणायची.

साहेब आले, खुर्चीत बसले. मॅडमनी विचारलं, "सतरा आठे किती?"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. सुकेशनीनं उजवा केला, पार टाचा उंचावून. मॅडमची नजर त्या हातावर जराशी अडखळली आणि पहिल्या बाकावरच्या अभयकडं वळली.

"एकशे छत्तीस!" अभय ओरडला. भिंतीकडचे दोन ओठही तेच म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही.

साहेब खूश होऊन गेले. मग सात महिन्यांत पहिल्यांदाच मॅडम तिच्या बाकापाशी आल्या. रागावल्या नाहीत. डोक्यावरून मायेनं हात फिरवला आणि तिच्या डाव्या मनगटावर लाल पेनानं ठळक फुली मारली.

"हा डावा, बाळा. पुढच्या वेळी चुकायचं नाही हं."