चौदाचा पाना

"आबा, चौदाचा पाना द्या की!" ट्रॅक्टरखाली आडव्या पडलेल्या रणजितनं नुसता हात बाहेर काढला.

आबा सवयीनं डावीकडे दोन पावलं गेले आणि त्यांनी हात वर केला. हाताला भिंतच लागली नाही. ते पंधरा दिवस लेकीकडे राहून आले, तेवढ्यात पोरानं घरामागचं जुनं गॅरेज पाडून तिथं लोखंडी खांबांची भलीमोठी शेड उभी केली होती. म्हाताऱ्याला चकित करायचं होतं त्याला.

जुन्या गॅरेजात चाळीस वर्षं प्रत्येक पाना आपल्याच खिळ्याला असायचा. गेल्या दोन वर्षांत आबांची नजर इतकी अधू झाली, की समोरचं माणूसही नुसती सावली वाटायचं. पण बोटांनी कधी चुकीचा पाना उचलला नाही. त्यामुळं घरात कुणाला संशय आला नाही, आणि आबांनीही तोंड उघडलं नाही. कळलं असतं, तर पोरानं दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर बसवलं असतं.

"त्या कोपऱ्यातल्या फळीवर आहेत बघा सगळे," रणजित खालूनच म्हणाला. "तुमच्यासाठी नंबर मुद्दाम वीतवीतभर रंगवून घेतलेत."

"दिसतायत की! आंधळा नाही झालो अजून," आबा खेकसले आणि ताठ मानेनं चालू लागले.

दहा-बारा पावलांवर पायाखालचा कोबा संपला. तोंडावर अंगणातलं ऊन आलं.

मागं ट्रॅक्टरखालचा खडखडाट थांबला होता.