हिरवी नळी

डिस्कस मासे नाजूक, म्हणून सूनबाईने हॉलमधल्या टाकीत नुसत्या वनस्पती लावून ठेवल्या होत्या. पाणी तयार झाल्याशिवाय एकही मासा सोडायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण रोज तपासणीच्या नळीत पाणी हिरवंगार व्हायचं, म्हणजे पाण्यात काही कुजलं की होणारा, माशांना घातक अमोनिया अजून आहेच. पाणी बदलून बदलून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला. त्यात दुकानदाराने फोनवर सुनावलं, “मॅडम, तुमची जोडी शनिवारपर्यंत ठेवतो. पुढे मला जमणार नाही.”

शुक्रवारी नळी पुन्हा हिरवी झाली, तशी तिने बादली आपटली. “कुठे चुकतंय, काही कळत नाही. विकूनच टाकते ही टाकी.”

टाकीशेजारच्या खुर्चीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट बघत बसलेले सासरे कळवळले.

“असं नको गं करू. मला दिसत नाहीत, पण लळा लागलाय त्यांचा. रोज सकाळी मूठभर खाणं टाकतो आणि थोड्या वेळाने पाण्यावर हात फिरवून बघतो, तर सगळं फस्त.”