सुनेत्राच्या छबीचा होकार

बाळांनो, अशी एक शाळा डोळ्यांसमोर आणा, जिथे प्रत्येक मुलाची यंत्रात एक छबी आहे. मूल वर्गात काय बोलतं, कसं वागतं, हे पाहून पाहून ती घडली आहे. मुलावर प्रयोग करायचा, तर मुलाला कुणी विचारत नाही, छबीला विचारतात.

त्या शाळेत सातवीच्या वर्गावर धारपबाई शिकवत होत्या. "माणसावर प्रयोग करण्याआधी त्याची संमती घ्यावी. त्याला नाही म्हणता आलं पाहिजे."

सुनेत्रा उठली. "बाई, उद्या मला भीती घालवायचं नवं इंजेक्शन देणार आहेत. मला नकोय ते. दादाला दिलं, तर आता गाडी अंगावर आली तरी तो बाजूला होत नाही."

"अगं, पण तुझी छबी हो म्हणाली."

"तिला काय कळतंय? ती 'हो' का म्हणाली?"

बाईंनी यंत्राला कारण विचारलं. यंत्रानं पहिलीपासूनचा सुनेत्राचाच आवाज ऐकवला. "हो बाई. हो बाई. हो बाई."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

"मी तक्रार करते, पोरी. पण छबी बदलायला वर्ष लागतं."

"आणि इंजेक्शन?"

"ते उद्याच," म्हणत बाईंनी तक्रारीचा कागद पुढे ओढला.

शाळा सुटल्यावर सुनेत्रानं पहिलीतल्या धाकट्या बहिणीला रस्त्याकडेला उभं केलं आणि गाडी दिसली की उद्यापासून ताईचा हात कसा मागे ओढायचा, ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.