उष्णता

कळा सुरू होऊन दोन तास झाले होते. नर्स पलंगाशी उभी राहून कागद भरत होती.

"खाली कुठे फोड, जखम? लघवीला आग?"

सुनेने उशाशी बसलेल्या सासूकडे पाहिलं. "नाही."

नर्सने 'नाही'वर खूण केली.

"अगं, खोटं कशाला बोलतेस?" सासू म्हणाली. "अहो सिस्टर, उष्णता झालीय हिला. चार दिवस रडत लघवीला जातेय. ताप येऊन गेला, जांघेत गाठी आल्या. उगाच लाजते. आमच्या वेळी हे कुणी विचारतही नव्हतं, तरी बाळंतपणं झालीच की!"

नर्सने चादर वर केली आणि दिवा जवळ ओढला. पाण्याने भरलेले बारीक फोड, झुपक्याने. काही फुटून लाल झालेले.

"नवऱ्याला कधी असं होतं?"

सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लांबच्या फेरीहून ट्रक घेऊन आले की होतं कधी कधी. इंजिनाची उष्णता, म्हणतात. या खेपेला तर त्यांना काहीच नव्हतं."

"फोड दिसत नसले तरी लागतं, ताई. हा हर्पिस आहे. संबंधातून येतो. आता या वाटेने बाळ आलं तर बाळालाही लागू शकतं."

नर्सने डॉक्टरांना बोलावलं. ऑपरेशन ठरलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याने मान वर न करता सही केली.

स्ट्रेचर हललं तेव्हा सुनेने सासूचं मनगट धरलं. "आई, बाळाला काही होणार नाही ना?"

"जा तू. मी आहे."

दार बंद झालं. सासू नर्सकडे वळली.

"बाळाला लागलं तर काय होतं हो?"

"दोन-तीन आठवड्यांत कळतं. पीत नाही, मलूल पडतं. अंगावर फोड येतात. मग झटके."

सासू रिकाम्या पलंगावरची चादर ओढून सरळ करत राहिली. चादर केव्हाच सरळ झाली होती.

"मलाही झाली होती उष्णता," ती म्हणाली. "पहिल्याच्या वेळी. बाराव्या दिवशी गेला तो. तुम्ही सांगितलंत ना, अगदी तसंच. माझं दूध बाधलं, म्हणाले सगळे."

नर्सने हातातला कागद खाली ठेवला.

"बाहेर बसलाय ना, हा दुसरा. याला मी कधी अंगावर पाजलंच नाही."