थोरल्याची किडनी

"तुमची किडनी घेता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

थोरला खुर्चीत पुढे सरकला. "जुळते म्हणालात की मागच्या वेळी!"

"जुळते. पण किडनीच धड नाही."

थोरला बंदरावर क्रेन चालवायचा. क्रेनच्या उभ्या जिन्याने तो केबिनपर्यंत न थांबता चढे आणि वर जाऊन शीळ घाली. धक्क्यावर त्याला सगळे पैलवान म्हणत. दवाखान्याची पायरी तो वर्षातून एकदाच चढे, परवान्याच्या तपासणीपुरती. धाकटा भाऊही क्रेनवरच होता, थोरल्यानेच साहेबाकडे शब्द टाकून लावलेला. आता धाकट्याच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या आणि दिवसाआड यंत्राला बांधून घेऊन त्याला रक्त धुऊन घ्यावं लागे. "तो पहिल्यापासूनच कच्चा," असं थोरला जो भेटेल त्याला सांगे. त्याचा त्यावर खरंच विश्वास होता.

आपली किडनी घे म्हणून त्याने भावाच्या नाकदुऱ्या काढल्या. "दोन आहेत मला. दोन्हींचं काय लोणचं घालू?" धाकटा ऐकत नव्हता. "तुझं तुला राहू दे, दादा," एवढंच म्हणे. बरेच महिने असेच गेले. मग एका दुपारी यंत्रावरून उठता उठता धाकटा आपणहून म्हणाला, "दादा, देतोस का रे किडनी?" थोरला तिथेच, नर्ससमोर, रडला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट साऱ्या धक्क्याला ठाऊक झाली होती.

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडझाप करत होतं.

"हे तुमचं हृदय. ही भिंत बघा, केवढी जाड झालीय. वर्षानुवर्षं चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलतंय बिचारं."

"जाड म्हणजे चांगलंच की," थोरला म्हणाला.

"पैलवानाचा दंड नाही तो. हृदय जाड झालं की ताठरतं, आणि मग थकतं. डोळ्यांच्या आतल्या रक्तवाहिन्या आखडल्यात. लघवीतून प्रथिनं जातायत, म्हणजे किडनीची गाळणी खराब व्हायला लागलीय."

"पण मला कुठे काही दुखत नाही."

"दुखत नाही, म्हणून तर इथवर आलंय."

थोरल्याने शेवटचं पान टाकलं. "अहो, पण बीपी तर बरोबर आलं ना माझं? तुमच्याच माणसाने मोजलं."

"आलं. त्याआधी गोळ्या किती दिवस घेतल्या होत्या?"

थोरला छताकडे बघू लागला.

ही धक्क्यावरची जुनी रीत होती. ज्याचा रक्तदाब चढा निघे, त्याला केबिनमधून उतरवून गोदामात बसवत, आणि एकदा उतरलेला माणूस पुन्हा वर गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून सगळे परवान्याच्या तपासणीआधी आठवडाभर गोळ्या घेत, मीठ कमी करत, लवकर झोपत आणि पास होत. पास झाल्याच्या रात्री डबी कपाटात जाई ती पुढच्या वर्षापर्यंत. झाकली मूठ सव्वा लाखाची. या विद्येत थोरला सगळ्यांचा गुरू होता. "गोळी म्हणजे पाहुणी," तो नव्या पोरांना सांगे, "आठवडाभर राहिली की गोड वाटते." इथे येण्याआधीही त्याने पाहुणीला बोलावून घेतलं होतं.

"आकडा आठवड्यात उतरतो हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत झालेलं नुकसान उतरत नाही. तुमच्या भावाच्या किडन्याही याच वाटेने गेल्या. ते कबूल करतात, वर्षातून आठवडाभरच गोळ्या घ्यायचो म्हणून. हे शहाणपण शिकवलं कोणी, तेवढं मात्र सांगत नाहीत."

थोरल्याची मान खाली गेली. धाकट्याच्या पहिल्या तपासणीआधी गोळ्यांची डबी त्यानेच त्याच्या खिशात कोंबली होती आणि पाठीवर थाप मारली होती. आपल्या हाताने आपण भावाला आजारी पाडलं, हे त्याला आज कळलं. भयंकर लाज वाटली.

"आजपासून रोज गोळी घ्या," डॉक्टरबाई चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. "वेळेत सापडलंय. सांभाळलंत तर तुमच्या किडन्या तुम्हाला पुरतील. दुसऱ्याला देण्याजोग्या मात्र नाहीत."

धाकटा बाहेर बाकावर बसला होता. सुया टोचून टोचून फुगलेला हात त्याने मांडीवर ठेवला होता. थोरला त्याच्या शेजारी बसला. सांगायचं कसं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्याने एकदम सांगून टाकलं.

"नाही म्हणतायत. माझी चालत नाही."

"बरं."

"बरं काय? सगळी माझी चूक आहे. मीच तुला—"

"मी काय कुक्कुलं बाळ होतो? ते जाऊ दे. गोळ्या लिहून दिल्या का तुला?"

"दिल्या. रोज घ्या म्हणाल्या."

"हृदयाचंही केलं ना सगळं? डोळे बघितले?"

"बघितलं रे बाबा सगळं!" थोरल्याचा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघू लागली. "तुला कळतंय का मी काय सांगतोय? किडनी मिळत नाहीये तुला!"

"यादीत नाव आहे माझं. कोणाची तरी मिळेल, नाहीतर यंत्र आहेच," धाकटा म्हणाला. "तुझी मला नकोच होती, दादा. पण स्वतःसाठी तपासून घे म्हटलं असतं, तर तू आला असतास?"