नऊशे पावलं

मधल्या सुट्टीत बाईंच्या टेबलावर सात कागद आले होते आणि सातही बरोबर होते. आठवा कागद घेऊन नेपच्यूनचा गट समोर उभा होता, आणि त्यांचं गणित साफ चुकलं होतं.

खरं तर बेत अगदी साधा. चोवीस मुलं, आठ ग्रह, एकेका ग्रहाला तिघं. पूर्ण भाग गेला, बाकी शून्य. यादी करताना बाईंना केवढं हायसं वाटलं होतं! प्रत्येक गटानं आपल्या ग्रहाची माहिती शोधायची आणि शनिवारी सूर्यापासून ठरलेली पावलं मोजून तिथे पाटी घेऊन उभं राहायचं. बाकीच्या वर्गानं चालत यायचं आणि ऐकायचं. सूर्य म्हणजे बाईंचं टेबल. पृथ्वी दहा पावलांवर. या मापानं बुध वर्गातच पाण्याच्या पिंपाशी येत होता आणि नेपच्यून शाळेच्या फाटकाशी.

"नेपच्यून पृथ्वीच्या तीसपट लांब. दहा गुणिले तीस किती?" बाईंनी विचारलं.

"तीनशे," तिघं एका सुरात म्हणाले.

"मग इथे नऊशे कुठून आले?"

वकीलसाहेब पुढे सरकला. हे नाव त्याला बाईंनीच दिलेलं. चूक पकडली की हा पोरगा आधी हरकत घ्यायचा आणि मग विचार करायचा.

"बाई, नेपच्यूनला लांबच राहायला आवडतं."

"त्याच्या आवडीनिवडी मला नकोत. नऊशे पावलांवर काय आहे ते सांग."

वकीलसाहेबानं छताकडे पाहिलं. त्याच्या शेजारच्या दोन वेण्यांवालीनं स्वतःच्या बुटांकडे. तिसरी मुलगी वर्षभरात जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल. ती तेवढी सरळ बाईंकडे बघत होती.

बाईंनी कागद जवळ घेतला. तिघांची अक्षरं त्यांच्या ओळखीची होती. पण खाली एक ओळ वेगळ्याच हातची होती, डावीकडे कललेली, जरा थरथरलेली: 'नेपच्यूनवरचं एक वर्ष म्हणजे आपली जवळजवळ १६५ वर्षं. तिथे कुणालाच घाई नसते.'

हे अक्षर बाईंनी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. वर्गातल्या बारकीचं अक्षर. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ती घरीच होती.

बाईंनी तिला काही मुद्दाम वगळलं नव्हतं. यादी करताना ती आठवलीच नव्हती. हे जास्त वाईट होतं, आणि बाईंना त्याची मनापासून लाज वाटली.

"बाई, नऊशेवर तिची खिडकी आहे," दोन वेण्यांवालीनं अखेर सांगून टाकलं. "शनिवारी सगळे चालत तिथवर आले की ती खिडकीतून माहिती सांगेल. तिनंच काढलीय सगळी."

"आम्ही मदत केली हां," वकीलसाहेब घाईनं म्हणाला. "पण तिला दिवसभर दुसरं कामच काय आहे?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "अरे, पण अंतरं अशी मनाला येईल तशी ठरवता येतात का? आणि नऊशेच पावलं कशावरून? मोजलीत?"

"तीच मोजायची," तिसरी मुलगी म्हणाली. "शाळेत येताना. रोज."

"कशासाठी?"

"मध्ये दोन-तीनदा बसायला लागायचं ना तिला. मग किती राहिली ते मोजायची. घरापासून त्या फरशीपर्यंत बरोब्बर नऊशे."

ती फरशी म्हणजे कोणती, हे त्या वर्गात कुणाला विचारावं लागत नसे. दाराबाहेरची, कोपरा फुटलेली. उशिरा येणाऱ्यानं तिच्यावर दहा मिनिटं उभं राहायचं. नियम बाईंचाच.

"मी विचारायचे की तिला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "घर इतकं जवळ असून रोज उशीर कसा होतो म्हणून. काही बोलायचीच नाही."

"तेव्हा दम लागलेला असायचा, बाई."

मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिनं सांगितलं, इतकंच.

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि पेन्सिल उचलली.

"गणित चूक ते चूकच," त्या म्हणाल्या. तिघांचेही चेहरे पडले. "नेपच्यून नऊशेवर असेल, तर पृथ्वी कितीवर?"

वकीलसाहेबाचे ओठ हलले. "तीस... बाई, तीस!"

"मग सगळ्या गटांना सांग, आपापले आकडे तिप्पट करा."

"पण बाई, मग शनीच फाटकाशी जाईल. आणि पुढचे तर रस्त्यावर!"

"जाऊ देत. मोठ्या सरांची परवानगी मी काढते. आणि पावलं बारकीएवढीच टाकायची, ढांगा टाकायच्या नाहीत."

बाईंनी यादी काढून नेपच्यूनपुढे चौथं नाव लिहिलं. आता वर्ग पंचवीस जणांचा झाला.

"पण बाई," तिसरी मुलगी पुन्हा बोलली, "तिची नऊशे फरशीपासून आहेत. टेबल तर आत आहे."

बाईंनी खडू घेतला. दाराबाहेर जाऊन त्या कोपरा फुटलेल्या फरशीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि फरशीभर मावेल एवढा मोठा गोल काढला.

"सूर्य इथे," त्या म्हणाल्या. "इथून मोजा."